हृदय कमजोर असलेल्या रुग्णाचा रात्रीचा श्वास कसा पाहावा

हृदयाचे पंपिंग कमी झालेल्या रुग्णाचा श्वास झोपेत बिघडतो का, हे त्याला विचारून सहसा कळत नाही. असे बरेच रुग्ण दिवसा पेंगत नाहीत आणि थकवा आला तरी तो हृदयाच्याच खाती जमा होतो. त्यामुळे हे काम शेजारी झोपणाऱ्या माणसाने करायचे आहे.

रुग्णाला झोप लागली की मंद उजेडात, पांघरूण छातीखाली सारून, दहा-पंधरा मिनिटे त्याच्या छातीकडे व पोटाकडे पाहत बसावे. श्वास थांबला की सेकंद मोजावेत आणि विराम दहा सेकंदांचा किंवा त्याहून मोठा असल्यास लिहून ठेवावा. त्या विरामात छाती काय करते, याकडे खरे लक्ष द्यावे. छाती आणि पोट हवेसाठी ओढाताण करत असतील व शेवटी घुसमटल्यासारखा मोठा आवाज करून घोरणे पुन्हा सुरू होत असेल, तर अडथळा बहुधा घशात आहे. याउलट दुसऱ्या प्रकारात छाती अगदी निश्चल राहते, मग हलका श्वास सुरू होतो, प्रत्येक श्वास आधीच्यापेक्षा खोल होत धाप लागल्यासारखा वाटतो आणि तसाच उतरत पुन्हा शांत होतो. एक आवर्तन साधारण मिनिटभराचे असते. यालाच डब्लिनमधील जॉन चेन (१८१८) आणि विल्यम स्टोक्स (१८५४) या डॉक्टरांच्या नावाने ‘चेन-स्टोक्स श्वसन’ म्हणतात. फुफ्फुसांत पाणी साचल्यामुळे श्वास वाजवीपेक्षा जोरात चालतो, रक्तातील कार्बन डायऑक्साइड फार खाली जातो आणि मेंदू श्वासाचा हुकूमच देत नाही. त्यातच रक्त संथ फिरत असल्याने ही चूक मेंदूला उशिरा कळते. एकाच रुग्णात दोन्ही प्रकार असू शकतात. तेव्हा निदान घरी न करता मोबाइलवर चित्रण करून ते हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावे. मात्र रुग्ण धाप लागून उठून बसला आणि बसूनही दम ओसरेना, तर चित्रणात वेळ न घालवता १०८ ला फोन करावा.

स्लीप स्टडीच्या (रात्रभर झोपेत श्वास नोंदवणाऱ्या तपासणीच्या) अहवालात दोन आकडे विचारून घ्यावेत: तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा मंदावला (१५ पासून मध्यम, ३० च्या वर तीव्र) आणि त्यांपैकी किती वेळा मेंदूकडून हुकूम आला नव्हता.

उपचारांची सुरुवात हृदयापासूनच होते. दिवसभर पायांत उतरलेले पाणी आडवे झाल्यावर मानेकडे व फुफ्फुसांकडे सरकते, म्हणून लघवीची गोळी, बेताचे मीठ आणि रोज सकाळी वजन या कंटाळवाण्या गोष्टींचा श्वासाशी थेट संबंध आहे. दारू आणि मनाने घेतलेली झोपेची गोळी टाळावी.

घशातील अडथळ्यासाठी सीपॅप यंत्र (मास्कमधून सतत हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारे) उपयोगी पडते. पण कुणा नातेवाइकाचे पडून असलेले यंत्र आणून लावू नये, कारण यंत्रांचे प्रकार वेगळे असतात आणि चुकीच्या रुग्णाला ते घातक ठरू शकते. श्वासानुसार दाब बदलणाऱ्या एएसव्ही यंत्राच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सर्व्ह-एचएफ’ चाचणीत, ईएफ (हृदय प्रत्येक ठोक्याला आतले किती टक्के रक्त बाहेर ढकलते तो आकडा) ४५ टक्के किंवा त्याहून कमी आणि मुख्यतः मेंदूकडून श्वास थांबणाऱ्या रुग्णांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू उलट वाढले होते.