स्मार्ट चष्मा घेताना कामाचा आणि खाऱ्या हवेचा विचार

स्मार्ट चष्म्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार मिळतात आणि त्यांची गल्लत झाली की पैसे वाया जातात. रे-बॅन मेटासारख्या चष्म्यात कॅमेरा, मायक्रोफोन आणि स्पीकर असतात. हर्णै बंदरावरच्या मासळीच्या लिलावात किंवा आंब्याच्या बागेत दोन्ही हात गुंतलेले असताना फोनवर बोलण्यासाठी आणि छायाचित्र टिपण्यासाठी तो फार उपयोगी पडतो. एक्सरीयलसारखा चष्मा मात्र यूएसबी-सी केबलने फोनला किंवा लॅपटॉपला जोडला की डोळ्यांसमोर मोठा पडदा उभा करतो, म्हणून घरून काम करणाऱ्यांना तोच सोयीचा आहे. आपल्या फोनच्या त्या पोर्टमधून चित्र बाहेर जाते का, हे आधी तपासावे, कारण अनेक स्वस्त फोनमध्ये ती सोय नसते.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी आयपीएक्स४ या पाण्यापासूनच्या संरक्षणाच्या मानांकनावर अवाजवी भिस्त ठेवू नये. ते केवळ पाण्याच्या शिंतोड्यांपुरते असून ती चाचणी साध्या पाण्याने होते, तर होडीत अंगावर येणारे खारे पाणी आणि दमट हवा चार्जिंगच्या धातूच्या टोकांना गंज चढवते. त्यामुळे रत्नागिरी-मालवणकडे रोज वापर असल्यास गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने चष्मा पुसावा आणि पूर्ण वाळल्यावरच केसमध्ये ठेवावा.

नंबर असलेल्यांनी भिंगांचा खर्च किमतीत आधीच धरावा.