भाऊ शाळेला टीव्ही देतायत? आधी मीटर बघा

निवडणूक जवळ आली की जिल्हा परिषदेच्या शाळेत स्मार्ट टीव्ही येतो. नारळ फुटतो, फोटो निघतात, भाऊ जातात. बिल गुरुजींच्या गळ्यात. म्हणून ‘हो’ म्हणण्याआधी वीज चालू आहे का, थकबाकी किती, ते बघा.

मग शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लावा. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात 75 टक्के पालक असतात, म्हणजे नकार द्यायचा झाला तरी तो गावाचा, तुमचा एकट्याचा नाही. ठरावात लिहून घ्या: वीजबिल कोण भरणार, दुरुस्ती कोण करणार, आणि टीव्हीवर भाऊंचं स्टिकर नको. (हे शेवटचं कुणालाच रुचत नाही. तरी लिहा.) वस्तू आली की त्याच दिवशी डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढवा; बदलीच्या वेळी चार्ज देताना तेच विचारतात.

टीव्ही खिडकीसमोर टांगू देऊ नका. आमच्याकडे दुपारी पोरांना त्यात धडा नाही, स्वतःचीच तोंडं दिसायची. रेंज नसेल तर दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचे व्हिडिओ तालुक्याला गेलात की मोबाइलमध्ये उतरवून आणा. मोबाइल टीव्हीला जोडायची केबल मात्र स्वतःच्या पैशाने घ्यावी लागते, ती कुणीच भेट देत नाही.