बाराव्या शतकातली इडरिका आजच्या गॅसवर

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११३०च्या सुमारास लिहिलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात अन्नभोग नावाचं प्रकरण आहे. जुना पदार्थ करून पाहायचा असेल तर त्यातली इडरिका, म्हणजे इडलीची पूर्वज मानली जाणारी, उडदाच्या पिठाचे गोळे तुपात तळून केलेली, आधी घ्यावी. साहित्य कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळतं आणि चुकलं तर फार तर पाव किलो डाळ जाते. छापील प्रत बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेतली. ग्रंथालयात शोधताना तिसऱ्या विंशतीत, म्हणजे वीस प्रकरणांच्या तिसऱ्या भागात, पाहा.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे ग्रंथात आहे तेवढंच: उडदाचं बारीक पीठ, छोटे गोळे, तूप, मिरपूड, जिरेपूड, हिंग. उजवीकडे आपल्या पदरचं. तांदूळ, आंबवणं, वाफवणं यातलं काहीच इथे नाही, त्यामुळे इडलीपात्र माळ्यावरच राहू द्या. प्रमाणं आणि वेळाही नाहीत. त्या सगळ्या उजव्या रकान्यात जातील. ही रेघ नसेल तर चार दिवसांनी आपलीच अटकळ आपण ग्रंथाच्या नावावर खपवतो.

मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा, काजू, साबुदाणा, मका, लाल भोपळा हे सगळं पोर्तुगीज आल्यानंतरचं, म्हणजे फार फार तर सोळाव्या शतकापासूनचं. तेव्हा 'चवीपुरती एक हिरवी मिरची' नको. तिखटपणा मिऱ्यांचाच हवा आणि तो जिभेपेक्षा घशाशी जास्त जाणवतो.

सालाची उडीद डाळ २०० ग्रॅम घ्या, पाच तास भिजवा आणि चोळून सालं काढा. पांढऱ्या डाळीपेक्षा हिला वास चांगला येतो. पूर्ण निथळून पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटा. पाणी तीन-चार मोठे चमचेच, तेही थोडं थोडं. मिक्सर तापला तर थांबा, पीठ गरम होता कामा नये. मग सैंधव पाऊण चहाचा चमचा घालून हाताने एकाच दिशेने आठ-दहा मिनिटं फेटा. वाटीभर पाण्यात थेंबभर पीठ सोडा. तरंगलं तर झालं, बुडालं तर आणखी फेटा. न फेटलेल्या पिठाचे गोळे आतून दगड होतात.

लहान लोखंडी कढईत ३०० ग्रॅम तूप मध्यम आचेवर तापवा. घरचं कढवलेलं असेल तर आधी गाळा, कारण तळाची बेरी जळते आणि सगळ्या घाण्याला कडवट वास लागतो. हात ओला करून सुपारीएवढे गोळे सोडा, एका वेळी सहा-सातच. सतत हलवत पाच-सहा मिनिटांत ते बदामी होतात. तूप फार तापलं तर वरून लाल आणि आत कच्चे राहतात. पीठ सैल झालं तर गोळे पसरतात आणि तूप पितात. मोठे गोळे आतल्या वाफेने कधी कधी फुटून उडतात, म्हणून लिंबाएवढे करायचा मोह टाळा.

हिंगाचं जरा नीट सांगायला हवं. डबीतल्या बांधणी हिंगात मैदा नाहीतर डिंक असतो, त्याची चिमूट म्हणजे खऱ्या हिंगाचा कणभर. खडा हिंग मिळाला तर मुगाच्या दाण्याएवढाच घ्या, चमचाभर तुपात फुलवून कुटा. ताजी भरड मिरपूड एक चहाचा चमचा आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड तेवढीच त्यात मिसळा आणि गोळे गरम असतानाच घोळवा. गार गोळ्यांवर मसाला बसत नाही, ताटलीत झडून जातो.

यानंतर घरातल्या पाककृतींच्या जुन्या वहीकडे वळायचं तर पंचाईत मापांची. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. ही धान्याची मापं, वजनं नव्हेत. ऐंशी तोळ्यांच्या वजनी शेराचे मात्र ९३३ ग्रॅम होतात, म्हणून त्या हिशोबातला पावशेर २३३ ग्रॅमचा, आजच्यासारखा २५०चा नाही. गुळाच्या पाकात हा फरक लगेच जाणवतो. भरीचं माप गावोगाव वेगळं असे, तेव्हा कोष्टक पाठ करण्यापेक्षा बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात पितळी चिपटं मिळतंय का बघा. काठोकाठ पाणी भरून ते मोजा, मग तांदूळ, रवा, डाळ वेगवेगळी भरून काट्यावर ठेवा आणि आकडे वहीत उतरवा. माप सपाट की शीग लावून, हेही शेजारी लिहा. नुसत्या शिगेने पाण्याचं प्रमाण बिघडतं. तांब्याचं पातेलं घेतलंत तर कल्हई झाल्याशिवाय त्यात ताक, चिंच किंवा आमसूल घालू नका.