पुढच्या एचआरसीटीला जाण्याआधी

आईच्या आयएलडीला, म्हणजे फुप्फुसांना सूज येऊन किंवा व्रण पडून ती कडक होत जाण्याच्या आजाराला, सहा वर्षं झाली. एवढ्या खेपांत एक कळलं, की एकट्या एचआरसीटीवरून, म्हणजे फुप्फुसांच्या बारकाईने काढलेल्या सीटी स्कॅनवरून, फार काही ठरत नाही. डॉक्टर बघतात तो आधीच्या आणि आताच्या सीटीतला फरक. म्हणून तयारीही त्यासाठीच करायची.

पहिलं काम म्हणजे जुन्या सीड्या शोधा. फिल्मवर मोजकेच काप (छातीची पातळ चकत्यांसारखी आडवी चित्रं) छापलेले असतात, सीडीत सगळे. मागच्या वेळचीच नाही, अगदी पहिलीही घ्या. हा आजार मुंगीच्या पावलांनी सरकतो. आमचे लागोपाठ तीन रिपोर्ट 'विशेष बदल नाही' असे आले. मग छातीच्या डॉक्टरांनी पहिला सीटी शेजारी लावला, तेव्हा फुप्फुसाच्या तळाशी दिसणारी व्रणांची जाळी चांगलीच वर चढलेली दिसली. सीडीवर चरे पडतात, नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो. आजच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा.

शक्यतो त्याच सेंटरला जा. काप मिलिमीटरभराचे, फार तर दीडचे हवेत, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. साध्या फॉलोअपला काँट्रास्टचं इंजेक्शन लागत नाही, त्यामुळे बहुधा उपाशीही राहावं लागत नाही.

श्वासाचा सराव मात्र आठवडाभर आधीपासून. छाती भरून श्वास घ्यायचा, दहा आकडे रोखायचा. मागे आईला ऐन वेळी खोकला आला, श्वास अर्धाच राहिला आणि फुप्फुसं धुरकट दिसली. रिपोर्टात 'ग्राउंड ग्लास (धुरकट भाग) वाढलं' असं आलं, घरात रडारड. पुन्हा नीट श्वास भरून काढलं तर धुरकटपणा गायब! पालथं झोपवूनही काप घेतात, कारण उताणं झोपलं की पाठीकडचा भाग दबून खोटी सावली पडते. श्वास सोडून घेतलेले काप हवा कुठे अडकते ते दाखवतात. आईला पालथं होणं जमत नाही, म्हणून मी टेक्निशियनला आधीच सांगते, "दादा, जरा वेळ द्या, आणि ऑक्सिजन काढू नका."

ताप-सर्दी असेल तर डॉक्टरांना फोन करून तारीख पुढे ढकलायची का ते विचारा; संसर्गाचे डागही आजार वाढल्यासारखेच दिसतात. फुंकायची टेस्ट, म्हणजे पीएफटी, त्याच सुमाराची हवी. आजार वाढतोय का हे त्रास, पीएफटीतले एफव्हीसी (फुंकून बाहेर पडणारी एकूण हवा) आणि डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो) यांचे आकडे आणि सीटी अशा तिन्हींवरून ठरवतात. एका कागदावर स्टेरॉइडचा डोस कधी बदलला, निंटेडानिब किंवा पिरफेनिडोन (व्रण वाढणं मंदावणारी औषधं) कधी सुरू झालं ते तारखेसकट लिहा.

त्याच कागदावर घराचंही लिहा: खिडकीत कबुतरं बसतात का, भिंतीला ओल आहे का, कूलर आहे का. भारतातल्या आयएलडी नोंदणीत (2017) 1084 रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांचं निदान हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस (पक्ष्यांची पिसं-विष्ठा, बुरशी असं काही श्वासातून जाऊन अ‍ॅलर्जीने फुप्फुसं सुजणं) होतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी कूलर होता. आमच्या बाल्कनीला जाळी लागली ती हे कळल्यावर, दोन वर्षं उशिरा.

मंगळसूत्र, सेफ्टी पिना, हुकांचे कपडे घरीच ठेवा. निघताना काउंटरवरच सीडी उघडून दाखवायला सांगा: नाव बरोबर आहे का, पालथे काप आत आहेत का. एकदा आम्ही घरी आलो आणि सीडी कोरी निघाली.