श्नाबेल ऐकायची पेटीवाल्याची रीत

मी बेळगावात, शहापुरात मुलांना पेटी शिकवतो. हे पेटीवादक रामभाऊ विजापुऱ्यांचं गाव, कुणाच्या दारातून पेटी ऐकू आली की आमची पावलं आपोआप थबकतात. तरी श्नाबेल यांनी वाजवलेले, पाश्चात्त्य संगीतकार बेथोव्हेनचे पियानो सोनाटा (काही भागांत बांधलेल्या रचना) लावले तेव्हा पहिले दोन महिने माझ्या हाती काही लागलं नाही. आई आतून विचारायची, "पाऊस पडालाय काय रे त्या मशिनीत?"

तो पाऊस म्हणजे जुन्या तबकडीची खरखर. पियानोवादक आर्टुर श्नाबेल यांनी 1932 ते 1935 या काळात लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत बेथोव्हेनचे सगळे 32 सोनाटा वाजवले. त्यांच्याआधी सगळेच्या सगळे कुणी ध्वनिमुद्रित केले नव्हते. तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटं मावायची, आणि मधला तुकडा कापून जोडायची सोय नव्हती. म्हणून काही ठिकाणी चुकलेले सूर तसेच राहिलेत. ते मोजत बसू नका. खरखर अगदी पुसून काढलेली प्रतही शक्यतो टाळा, तिच्यासोबत तारांची आसही, म्हणजे मागे रेंगाळणारा नादही, पुसली जाते. आवाज थोडा कमी ठेवा. पाच मिनिटांत कान पावसाला सरावतात.

सुरुवात 'पाथेटिक' सोनाटाच्या, म्हणजे ओपस (रचना क्रमांक) 13 च्या, दुसऱ्या संथ भागापासून करा. आधी पेटीवर तीन पट्ट्या एकदम दाबून बघा. वारा एकाच भात्याचा, त्यामुळे तीनही सूर साधारण सारखेच वाजतात, एकाला पुढे काढता येत नाही. पियानोत प्रत्येक पट्टीची हातोडी वेगळी, म्हणून प्रत्येक सुराचं वजन वेगळं ठेवता येतं. इथे उजव्या हातालाच वरची चाल गायची असते आणि तिच्या खालचे झुळझुळणारे सूरही सांभाळायचे असतात. श्नाबेल वरचं बोट गातं ठेवतात, बाकीची बोटं दबक्या पावलांनी चालतात. पहिल्यांदा फक्त चाल ऐका. दुसऱ्यांदा फक्त मधले सूर. तिसऱ्यांदा डावा हात. मग सगळं मिळून.

आणखी एक गोष्ट, माझ्या मते सगळ्यात मोठी. भाता चालू आहे तोवर पेटीचा सूर टिकतो. पियानोचा सूर हातोडी आदळल्या क्षणापासून विझायला लागतो. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग सरकणं, तर दोन्हीकडे नाही. मग चाल सलग कशी वाटते? पुढचा सूर मागच्याच्या उरलेल्या आवाजाला जुळवून घेतला जातो म्हणून. सूर लागतो कसा, हे आपण नेहमीच ऐकतो. श्नाबेल ऐकताना तो विझतो कसा, ते ऐका. मला हे समजलं त्या रात्री मी तो भाग सहा वेळा लावला.

ओपस 106 चा पहिला भाग सध्या बाजूला ठेवा. बेथोव्हेनने लिहिलेली भन्नाट गती श्नाबेल गाठायला बघतात, नवख्या कानाची त्यात दमछाक होते.

त्याऐवजी शेवटच्या सोनाटाकडे, ओपस 111 कडे जा. त्यात दोनच भाग आहेत. दुसरा 'आरिएटा': सोळा मात्रागटांची साधी चाल, तिचे दोन्ही अर्धे दोनदा येतात, आणि मग तिचीच रूपं. मांडीवर ठेका धरा. चाल बदलली तरी गती तीच ठेवा, असं बेथोव्हेनने मधे लिहूनच ठेवलंय. मात्रा तीच राहते, तिच्या पोटातले सूर वाढत जातात. तिसऱ्या रूपात तर सूर उड्या मारायला लागतात. आपण दुगुन-चौगुन, म्हणजे त्याच ठेक्यात दुप्पट-चौपट सूर, ऐकलेली माणसं, इथे आपला हात चुकत नाही. पुढे सूर इतके दाट होतात की त्यांचा लांबलचक थरथराट बनतो आणि त्यावर मूळ चाल परत येते.

शेवट गजरात होत नाही. अगदी हळू सुरांवर वादन थांबतं. तिथे लगेच बंद करू नका, खरखर संपेपर्यंत बसून राहा.