फर्नेसवर फायबर ऑप्टिक तापमान सेन्सर बसवताना या चुका टाळा

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या फाउंड्रीत इंडक्शन फर्नेसचं लायनिंग (आतलं अस्तर) किंवा लॅडलचं (वितळलेला धातू नेणाऱ्या भांड्याचं) शेल कुठे तापतंय, हे फायबरने बघायचं असेल तर एक गोष्ट पक्की धरा: बिघाड फायबरपेक्षा ते बसवण्यात जास्त असतो. वितळलेल्या पोलादात मात्र ते कायमचं ठेवता येत नाही. 1600 अंशांच्या आसपास काचच मऊ पडते, तिथे डिप थर्मोकपलच वापरा.

सगळ्यात महागात पडतं ते फायबर ताणून बसवणं. स्टेनलेसची 1 मीटर नळी 300 अंशांनी तापली की सुमारे 5 मिमी वाढते. आतली काच 0.2 मिमीसुद्धा वाढत नाही. दोन्ही टोकं घट्ट चिकटवली असतील तर सगळा ताण काचेवर येतो. ब्रॅग ग्रेटिंग (फायबरमध्ये ठरावीक जागी कोरलेला, प्रकाश परतवणारा सेन्सर) असेल तर मीटरमागे नुसत्या 0.1 मिमी ताणाने आकडा 10-12 अंश जास्त येतो. रामन पद्धतीत (फायबरभर विखुरणाऱ्या प्रकाशावरून सगळ्या लांबीचं तापमान काढतात) आकडा फारसा चुकत नाही, पण फायबर पुढे कधीतरी तुटतं. म्हणून एकच टोक पक्कं करा, दुसरं मोकळं ठेवा आणि जंक्शन बॉक्समध्ये एक-दोन वेढे जादा सोडा. खात्री करायची तर गुरुवारच्या सुट्टीत थंड, रिकामी फर्नेस टिल्ट करून बघा. आकडा हलला तर तो ताण आहे किंवा वाकलेलं फायबर, तापमान नाही.

कॉइलजवळ धातूची नळी घालू नका. फायबरला चुंबकीय क्षेत्राचा त्रास नाही, पण नळीला आहे: ती स्वतःच तापते, वर अर्थ लीकेजला वाट मिळते. तिथे काचधाग्याची किंवा सिरॅमिकची स्लीव्ह घ्या.

फायबरवरचं कोटिंग कोणतं आहे ते विचारून घ्या. साधं ॲक्रिलेट 85 अंशांपर्यंत, पॉलिइमाइड साधारण 300 पर्यंत, त्यापुढे सोन्याचं.

रामन यंत्राचं रिझोल्यूशन 1 मीटर असेल, म्हणजे ते मीटरभराची सरासरी दाखवत असेल, तर 10 सेंमीचा 400 अंशांचा डाग 100 अंशांच्या शेलवर जेमतेम 130 दिसतो. 'अलार्म वाजलाच नाही' ही तक्रार बहुधा इथून येते. धोक्याच्या जागी फायबर नागमोडी, दाट पसरा आणि अलार्म नुसत्या आकड्यावर न ठेवता वाढीच्या वेगावरही लावा.

एका बिंदूपासून पुढचा सगळा आलेख एकदम सरकला तर तिथला कनेक्टर बघा. हिरवा एपीसी (तिरकं घासलेल्या टोकाचा) कनेक्टर निळ्या पीसीत (सरळ टोकाच्या) घातलेला असतो, नाहीतर टोकावर धूळ असते. ब्रॅगच्या सिंगल मोड फायबरचा गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा, त्यामुळे फाउंड्रीतला एक कणही पुरतो. आधी लेझर बंद करा, मग ड्राय क्लीनरने पुसून स्कोपखाली तपासा. प्लान्टच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तिच्यात तेल-पाणी असतं.

आलेख महिन्यागणिक हळूहळू, लांबीनुसार तिरका होत गेला तर हायड्रोजनने काच काळवंडतेय. दोन्ही टोकांकडून मोजा, आणि फायबरचा 10 मीटरचा वेढा पीटी 100 (प्लॅटिनमचा तापमान सेन्सर) सोबत बॉक्समध्ये कायम ठेवा, म्हणजे ताडून बघता येतं.