राऊटरच्या मागे टाचणी खुपसण्याआधी: घरच्या नेटजोडणीत या चुका टाळा

नेट बंद पडले की बिघाड कुठे आहे हे न पाहता राऊटरच्या मागचे रीसेटचे छिद्र टाचणीने दाबायचे, ही सवय रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांत मला दिसते आणि तिचा मला मनापासून राग येतो. राऊटर बंद करून पुन्हा चालू करणे निराळे आणि रीसेट करणे निराळे. बंद-चालू केल्याने सेटिंग जशीच्या तशी राहतात. रीसेट केल्यावर मात्र वाय-फायचे नाव व पासवर्ड पुसले जातात आणि, जोडणी पीपीपीओई पद्धतीची, म्हणजे युजरनेम-पासवर्ड दिल्यावरच सुरू होणारी, असेल तर, सेवा देणाऱ्याने दिलेले युजरनेम आणि पासवर्डही जातात. तो कागद घरात कोणालाच सापडत नाही. म्हणून नवी जोडणी झाली की त्याच दिवशी ही माहिती वहीत लिहून घेण्याचा आणि सेटिंगच्या पानाचा फोटो काढून ठेवण्याचा आग्रह मी धरतो.

बिघाड शोधताना मी नेहमी संगणकापासून बाहेरच्या दिशेने जातो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा दिल्यावर संगणकाचा नेटवर्कमधला पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला, तर संगणकाला राऊटरकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि त्याने तो स्वतःच घेतला आहे. दोष केबल, वाय-फाय किंवा राऊटर यांतच शोधावा. पत्ता ठीक असेल तर आधी डिफॉल्ट गेटवेला, म्हणजे राऊटरच्या पत्त्याला, पिंग करावे (उत्तर येते का ते पाहणारी आज्ञा द्यावी), मग ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला, आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. गेटवे उत्तर देतो पण ८.८.८.८ देत नाही, अशा वेळी बिघाड बहुधा राऊटरच्या बाहेरच्या बाजूला असतो. आकड्याला उत्तर येते आणि नावाला येत नाही, तेव्हा नावावरून पत्ता शोधून देणारे डीएनएस तपासावे. एवढे पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत, तरी उतावळी मंडळी ते सोडून थेट विंडोज नव्याने टाकायला बसतात.

दुसरी चूक गणपतीच्या दिवसांत हमखास होते. देवरुखजवळच्या एका घरी चाकरमानी आले, माजघरात वाय-फाय पोहोचत नाही म्हणून मुंबईहून आणलेला जुना राऊटर त्यांनी लॅन केबलने मूळ राऊटरला जोडला, आणि दुसऱ्या दिवसापासून ओटीवरचा संगणक सकाळी चाले नि दुपारी बंद पडे. काहींचे फोन चालत, काहींचे ‘जोडले आहे, इंटरनेट नाही’ असे दाखवत. केबल बदलून झाली, नेटवाल्याशी फोनवर वादावादी झाली, एका भाच्याने मूळ राऊटर रीसेट करून उरलेले नेटही घालवले. कारण साधे होते: दोन्ही राऊटर डीएचसीपीने, म्हणजे उपकरणांना आपोआप पत्ता देण्याच्या सोयीने, पत्ते वाटत होते. ज्या उपकरणाला जुन्याचे उत्तर आधी मिळे, त्याला १९२.१६८.० मालिकेतला पत्ता आणि जुन्याचाच गेटवे मिळे, आणि त्या जुन्याच्या वॅन पोर्टला, म्हणजे बाहेरून नेट आत येते त्या खाचेला, काहीच जोडलेले नव्हते. आयपीकॉन्फिगच्या एका नजरेत हे दिसले असते, कारण मूळ राऊटर १९२.१६८.१ मालिकेतले पत्ते देत होता. अशा वेळी मी जुन्या राऊटरचे डीएचसीपी बंद करतो, त्याला मूळ राऊटरच्या मालिकेतला पण कोणालाही न दिलेला पत्ता देतो आणि केबल लॅन पोर्टातून लॅन पोर्टातच लावतो. भाच्याने पुसलेली मूळ राऊटरची माहिती मात्र नेटवाल्याकडूनच घ्यावी लागली आणि सणात तो लगेच येऊ शकला नाही.

माजघरात वाय-फाय न पोहोचणे यात राऊटरचा दोष फारसा नसतो. जांभ्याच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्‌झची लहर २.४ पेक्षा लवकर क्षीण होते, म्हणून लांबच्या खोलीत २.४ वापरावे आणि टेबलावरच्या संगणकाला सरळ केबल ओढावी. शंभर मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते. वाय-फाय वाढवणारी स्वस्त खेळणी मला मुळीच पसंत नाहीत.

दीर्घकाळ वीज गेल्यावर जुन्या संगणकाची तारीख मागे गेली, तर संकेतस्थळे उघडताना त्यांची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची चूक दिसते. तारीख आधी पाहावी. गडगडाटाला सुरुवात होण्यापूर्वीच अडॅप्टर प्लगमधून काढावा, आणि जोडणी तांब्याच्या तारेची असेल तर तीही काढावी. वीज परत आल्यावर आधी फायबरचा डबा, तो स्थिरावल्यावर राऊटर आणि मग संगणक, हा क्रम मी मोडत नाही.

समुद्राकाठच्या घरांत लॅन केबलच्या टोकांवरचे संपर्क खाऱ्या दमट हवेने गंजतात. एक-दोन तारांचा संपर्क गेला तरी दिवा लागलेला राहू शकतो आणि वेग मात्र १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट) येतो. ते टोक घासत बसू नये, कापून नवे बसवावे. आणि फायबरच्या डब्यावर एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा असेल, तर प्रकाशच घरापर्यंत येत नाही: डब्यात घुसणारी पातळ फायबर कुठे वाकली वा निसटली आहे का एवढे पाहावे, आणि ती ठीक असेल तर वाटेत माडाचे झावळ पडून तार तुटली असण्याची शक्यता धरून नेटवाल्याला कळवावे.